कूलर चालू असताना

१

हे कोणालाही सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं. माझं हो सहसा टिकतं, कारण मुळात मी फार बोलतच नाही. वर्गात हजेरी घेताना माझं ‘हजर’ बाईंपर्यंत पोचत नाही आणि शेजारच्या मुलीला हात वर करून दाखवावं लागतं, आचल आली आहे म्हणून. पण लिहायला आवाज लागत नाही.

आम्ही अमरावतीत राहतो, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला. माझे बाबा, गोपाल त्यांचं नाव, गॅसची कामं करतात. शेगड्या, पाइप आणि सगळ्यात जास्त म्हणजे गॅस गीझर. गीझर लोक मे महिन्यात बसवून घेतात. पंचेचाळीस डिग्रीत गीझर कोण बसवतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण तेव्हा ते दुकानात स्वस्त मिळतात आणि बाबांनाही सवड असते.

बाबांच्या कामाची एक रीत होती. गीझर टांगून झाला, सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, की ते खिशातून अगरबत्ती काढत. ती पेटवून बाथरूमच्या वरच्या जाळीजवळ धरत. धूर सरळ बाहेर गेला की म्हणत, “पास.” मग गीझरवर स्टिकर लावत. बाबांचं अक्षर बाबांनाच वाचता येत नाही, म्हणून स्टिकर मी लिहायचे, जाड मार्करने. आधी बादली भरा. मग गीझर बंद करा. मगच दार लावून आंघोळ करा. खाली बाबांचा नंबर.

दोन वर्षांपूर्वी, मी सातवीतून आठवीत गेले त्या मे महिन्यात, बाबांनी शेजारी सूर्यभान काकांकडे गीझर बसवला. त्या दिवशी मी सोबत होते. स्टुलावर चढून अगरबत्ती मीच धरली. हॉलमध्ये कूलर इतका जोरात चालू होता की दुर्गाबाई काकूंना माझ्याशी ओरडून बोलावं लागत होतं. धूर जाळीतून असा गेला, जणू बाहेरून कोणी दोरा ओढून घेतला.

“पास,” मी म्हटलं.

“पाह्यलं का,” काकू हसल्या. “हिच्या तोंडून एक शबूद निघाला आज.”

२

काकांचं बाथरूम आणि आमचं बाथरूम यांच्यामध्ये एकच भिंत आहे. त्या वर्षी डिसेंबरात थंडी फार पडली. सगळ्यांसारखी काकांनीही कूलरची खिडकी बंद केली. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स तिच्यावर ठोकला. काकूंनी बाथरूमच्या जाळीत पोतं कोंबलं.

एका सकाळी काकू आंघोळीला गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. दार तोडावं लागलं. घरी आलेले डॉक्टर म्हणाले, अटॅक.

मी बायकांच्या मागे उभी होते. काकूंचा चेहरा मला दोन खांद्यांच्या मधून दिसला. तो गुलाबी होता. एरवी काकू सावळ्या होत्या.

“तेज पाह्य व कसं आलं,” एक बाई म्हणाली.

“सवाष्ण गेली माय. भाग्याची.”

मलाही त्या सुंदर वाटल्या होत्या. हे मी कोणाला बोलले नाही, बोलायचं कारणच नव्हतं.

तेरवी झाल्यावर काका अकोल्याला मुलाकडे गेले. बाबांनी त्यांचं सिलिंडर काढलं, रेग्युलेटर आमच्या माळ्यावर आणून ठेवला, मीटरपाशी पाणी बंद केलं आणि कुलूप लावलं. किल्ली आमच्याकडेच राहिली.

मग वर्षभर काही नाही. या नोव्हेंबरात बाबा अकोल्याला गेले. गॅस फिटिंग करणाऱ्यांसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण होतं. येताना हाताच्या पंजाएवढं एक पांढरं यंत्र घेऊन आले, आणि जेवले नाहीत.

“अकोल्याले काय मेजवानी होती का?” आईने विचारलं. बाबा पायऱ्यांवर जाऊन बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं.

“आचल, काकूचा चेहरा पाह्यला होता का तू?”

“हो.”

“कसा होता?”

“गुलाबी.”

बाबांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे धरले. मग हळूहळू सांगितलं. ज्योतीला ताजी हवा मिळाली नाही की एक वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. साबणाच्या फेसात तो सापडत नाही. माणूस बसल्या जागी झोपतो, आणि मेल्यावर चेहऱ्यावर लाली येते.

“पण आपण धूर पाहिला होता,” मी म्हटलं. “जाळीतून गेला होता.”

“कूलर चालू होता व पोरी. घरातली हवा कूलर ढकलून राहिला होता. जाळीत दम नोहता. कूलरनं धूर बाहेर फेकला अन् म्या म्हणलं पास.”

पास मी म्हटलं होतं. ते त्यांनी काढलं नाही.

“कोणाले सांगू नको. आईलेई नाही.”

३

ते यंत्र बाबांनी आमच्या बाथरूमबाहेरच्या बोळीत खिळ्याला लटकवलं, काकांच्या घराकडच्या भिंतीवर. हवेत तो वायू किती आहे त्याचा आकडा त्याच्यावर दिसतो. शंभरच्या वर गेला तर विचार करत बसायचं नाही, बाहेर पडायचं, असं त्यांना शिकवलं होतं. आमच्याकडे गीझर नाही. बादलीत विजेचा रॉड टाकून पाणी तापवतो, आणि त्यावरून आई बाबांना रोज एक टोमणा मारते. त्यामुळे आकडा शून्य होता. दोन महिने शून्यच राहिला.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी सहा चाळीसला, मी बोळीतल्या आरशासमोर वेणी घालत होते. आरशात उलटा नऊ दिसला.

मी वळून पाहिलं. नऊच होता. बघता बघता चौदा झाला.

यंत्र काढून स्वयंपाकघरात नेलं. शून्य. आई चहा करत होती, तरी शून्य. परत बोळीत आणलं तर सोळा. भिंतीच्या जवळ नेलं की वाढायचा, दूर नेलं की कमी व्हायचा. मी भिंतीला कान लावला.

बादली भरत होती. रिकाम्या बादलीत पाणी पडताना खोल आवाज येतो आणि बादली भरत आली की तो बारीक होत जातो. तसा तो बारीक होत होता. मग बंद झाला. मग डबा बुडाल्याचा आवाज, आणि फरशीवर पाणी.

दहा मिनिटांनी आकडा शून्यावर आला.

“पाइपात हवा असन,” बाबा म्हणाले.

“पाणी तुम्हीच बंद केलं आहे.”

बाबांनी मीटर पाहिला, बंद होता. काकांचं कुलूप पाहिलं, त्यावर कोळ्याचं जाळं तसंच होतं. यंत्राचे सेल बदलले. दुसऱ्या दिवशी बावीस. तिसऱ्या दिवशी एकतीस. मी विज्ञानाच्या वहीच्या मागे तारीख, वेळ आणि आकडा लिहू लागले. विटांच्या भिंतीतून हा वायू झिरपतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. म्हणून मागच्या गल्लीत कोणी पाणी तापवायला चूल पेटवत असेल, असं मी धरून चालले. एका सकाळी मी मागच्या गल्लीत जाऊनही आले. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. राखसुद्धा नव्हती.

सहाव्या दिवशी अठ्ठेचाळीस. आवाजही लांबला होता. एक बादली संपल्यावर आतल्याने दुसरी लावली.

४

त्या दुपारी सूर्यभान काकांचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला होता, कारण त्यांच्या हाताला ग्रीस होतं.

“गोपाल, घर भाड्यानं देल्लं बे. एक बाई हाय, आकांक्षा नाव. नाशिककडची, अमरावतीले बदली झाली तिची. लहान पोरगी हाय सोबत. रविवारी येऊन राहिले. गीझर जोडून दे.”

“काका, ते जाळी मोठी करा लागन आधी.”

“कावून? तूच बसवला, तूच म्हणला पास हाय.”

“हो, पण...”

“पण काय? दोन वर्सांत जाळी लहान झाली का?”

काका स्वतःच्या बोलण्यावर हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, पाहून येतो.

आम्ही शुक्रवारी दुपारी अडीचला गेलो. उजेड हवा म्हणून दुपार निवडली होती. यंत्र माझ्या हातात होतं.

हॉलमध्ये धूळ होती आणि बंद घराचा वास. कूलरच्या खिडकीवरचा फ्लेक्स उन्हाने पिवळा झाला होता. त्यावरची माणसं अर्धीच दिसत होती, कपाळं नसलेली, हसणारी. यंत्रावर शून्य. बाथरूमचं नवं प्लास्टिकचं दार, काकूंनंतर बसवलेलं, उघडं होतं. आत फरशी कोरडी. बादली पालथी घातलेली, तिच्यावरही धूळ. जाळीतलं पोतं अजून तसंच. गीझरवर माझं स्टिकर होतं. आधी बादली भरा. माझं अक्षर तेव्हा जास्त गोल होतं.

गीझरची गॅसची नळी मोकळी लोंबत होती. तिला काहीच जोडलेलं नव्हतं.

बाबांनी सवयीने अगरबत्ती पेटवली.

धूर सरळ वर गेला आणि पोत्याला लागून पसरला. तेवढं बरोबर होतं. मग त्याचा एक धागा सुटला आणि खाली वाकला. बादलीच्या कोपऱ्याकडे, बसलेल्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर गेला. तिथे थांबला. थोडा मागे आला. पुन्हा गेला. मागे आला.

माझा स्वतःचा श्वास त्याच चालीने चालू लागला होता, हे मला उशिरा कळलं.

“बाबा,” मी म्हटलं. यंत्रावर साठ होता. मग एकशे दहा. मग ते किंचाळायला लागलं.

“चाल बाहेर!”

आम्ही हॉलमध्ये आलो. मागे बाथरूमचं दार हळूच लागलं. वारा नव्हता. वारा असता तर दार आपटलं असतं. मग आतून कडी सरकली. प्लास्टिकच्या दाराची कडी कशी वाजते ते सगळ्यांना माहीत असतं. आत माणूस असल्याशिवाय ती तशी वाजत नाही.

दाराखाली चार बोटं फट होती. मी वाकले नाही. यंत्र हातातून पडलं म्हणून खाली बघितलं. फटीतून पाण्याचा एक ओघळ आला आणि माझ्या अंगठ्याला लागला. कोमट होता. आणि त्या फटीत, दाराकडे पाठ करून बसल्यावर दिसतात तशा, दोन टाचा होत्या. ओल्या. गुलाबी.

बाबांनी यंत्र उचललं आणि माझ्या दंडाला धरून मला ओढत बाहेर आणलं. कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं.

“काय दिसलं तुले?” त्यांनी अंगणात विचारलं.

“तुम्हाला?”



५

बाबांनी गीझर जोडला नाही. काकांना फोन करून म्हणाले, मला वेळ नाही. काका चिडले आणि त्यांनी दुसरा फिटर पाठवला. तो रविवारी सकाळी आला, आमच्याकडून किल्ली घेतली, मीटरपाशी पाणी सोडलं, नवा रेग्युलेटर लावला, फेस लावून पाहिला आणि दहा मिनिटांत गेला. अगरबत्तीसुद्धा लावली नाही.

दुपारी आकांक्षाताई आल्या. त्यांची खुशी पाच वर्षांची आहे. माकडटोपी घालून ती आमच्या कुंपणावर चढली आणि मला म्हणाली, “तू बोलत नाहीस का?”

“बोलते.”

“मग बोल.”

 तिने मला तिचा पडलेला दात दाखवला.

बाबा कुंपणाशी आले. “ताई, बाथरूमची जाळी उघडी ठेवा बरं. पोतं काढून टाका.”

“अहो, किती गारठा आहे इथे! मला वाटलं विदर्भ म्हणजे नुसतं ऊन. हिला आधीच सर्दी आहे. राहू द्या ते पोतं थोडे दिवस.”

“पण ताई...”

“काही प्रॉब्लेम आहे का गीझरला?”

बाबांचं तोंड उघडं होतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. एक वाक्य हवं होतं फक्त.

“नाही,” बाबा म्हणाले. “आपलं सांगितलं.”

घरात आल्यावर मी म्हटलं, “यंत्र त्यांच्याकडे लावू या.”

“अन् वाजलं त का सांगू? का तुमच्या आधीची बाई इथंच...” त्यांनी पुढचं गिळलं.

सोमवारी सकाळी सातला खुशीचा शाळेचा ऑटो येणार, म्हणजे साडेसहा–पावणेसातला आंघोळ. संध्याकाळी मी स्वतः गेले. वाक्य पाठ करून गेले होते. ताईंनी दार उघडलं. त्यांच्या मागे तो फ्लेक्स दिसला.

“काय गं?”

“साखर आहे का?”

त्यांनी वाटीभर साखर दिली. ती तशीच ओट्यावर आहे.

६

आज सोमवार. पहाटे पाचला बाबांनी मला उठवलं. आई शाल घेऊन तयार होती आणि तिचे डोळे सुजले होते, म्हणजे तिला सांगून झालं होतं.

“आमी अकोल्याले चाललो,” बाबा म्हणाले. “सूर्यभान काकाले तोंडावर सांगा लागन. फोनवर नाही होत.”

“आणि ताईंना?”

“पयले त्याले कळलं पाह्यजे. त्याची बायको होती ते. दुपारी येतो अन् ताईले सांगतो. तवर तू काही बोलू नको.”

“बाबा, आंघोळ सकाळी असते.”

“एक दिवसानं काय होते व?” आई म्हणाली.  बाबांनी मान फिरवली आणि गाडीला किक मारली. गाडी वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

काकूंना एकच दिवस लागला होता.

म्हणून मी लिहायला बसले. आधी वाटलं, चार ओळी पुरतील. पण चार ओळी गीझरवर आहेतच, माझ्याच अक्षरात. त्या काकूंच्या डोळ्यांसमोर होत्या आणि आज ताईंच्या डोळ्यांसमोर असतील, आणि थंडीत दार उघडं टाकून बादली भरत कोणी बसत नाही. का ते कळलं, तरच माणूस पोतं काढतो. म्हणून सगळं लिहिलं, टाचांसकट. ही पानं मी त्यांच्या दाराखालून सरकवणार आणि बेल वाजवून पळून येणार. बेल वाजवणं मला जमेल.

सहा पस्तीस झाले आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. खुशी रडते आहे, तिला उठायचं नाही. यंत्र मी समोर टेबलावर आणून ठेवलं आहे. शून्य.

एक गोष्ट मला आवडत नाही आहे. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा भिंतीपलीकडे काही आवाज नाही. बादली नाही, डबा नाही. जणू पलीकडे आता कोणी नाहीच.

आकांक्षाताई, एवढंच आधी वाचा, बाकीचं मग. बाथरूममध्ये गेल्यावर उजव्या हाताला वर जाळी आहे. खुशीला आत नेऊ नका. आधी स्टूल घ्या आणि त्या

आमच्या बाथरूममध्ये बादली भरते आहे.

रॉड लावलेला नाही. नळ मी उघडलेला नाही. आवाज बारीक होत चालला आहे. यंत्रावर बारा. एकोणीस. पानं नेऊन द्यायला मला बोळीतूनच जावं लागेल, बाथरूमच्या दारावरून. वाक्य पुरं करते आणि जाते. ताई, त्या जाळीत पोतं आहे, ते ओढून काढा आणि गीझर

“आचल! पाणी काढलं व तुह्यं. ये लवकर.”

आई बाबांसोबत अकोल्याच्या वाटेवर आहे. हा आवाज आईचा नाही, कूलर चालू असताना माझ्याशी ओरडून बोलणारा आहे, आणि माझं नाव तो नीट घेतो. आले, मी मोठ्याने म्हटलं, मी कधी इतक्या मोठ्याने बोलत नाही. ताई, गीझर बंद ठेवा, खुशीला बाहेरच ठेवा, आणि मी जर आले नाही तर आमचं दार